लेफ्ट शिफ्ट

झुंबरला गळू झालं होतं आणि ते नेमकं बसायच्या जागी झालं होतं. दुसरीकडे कुठेही झालं असतं तर त्याने ते चारचौघांत दाखवलं असतं. पण कंपनीच्या वार्षिक तपासणीला डॉक्टर बाई आल्या. त्यांनी "काही त्रास?" असं विचारताच झुंबर ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "छ्या! काय बी न्हाई." बाईंनी रक्त घेतलं आणि पुढच्याला हाक मारली.

बोईसरच्या त्या केमिकल कंपनीत त्याचं काम उभ्याने करायचं, त्यामुळे तिथे कुणाला पत्ता लागला नाही. घरी तो जेवायलाही उभा राहू लागला, तेव्हा रत्नाबाईला वाटलं, नवऱ्याला कामाची फारच सवय झाली. रजा घ्यायची त्याची छाती नव्हती. कितीतरी वर्षं तो ठेकेदाराकडे होता आणि टाइम ऑफिसचा दर्पण दरवर्षी "यंदा तुमी परमनंट" म्हणत होता. झुंबरचं सगळं आयुष्य एका गोष्टीला टांगलेलं होतं. मुलगी उत्कर्षा पालघरच्या कॉलेजात बी.कॉम.ला होती. ती पदवीधर व्हायला हवी आणि या कंपनीच्या गेटात तिचं पाऊल पडता कामा नये, बस्स.

आठवड्याने सकाळी गेटवर त्याचं कार्ड चालेना. तो टाइम ऑफिसात गेला.

"दर्पणसाहेब, माझं कार्ड लाल दिवा दाखवतंय."

"दाखवणारच. तुमी लेफ्ट हाय ना."

टाइम ऑफिसात लेफ्ट या शब्दाला एकच अर्थ. कामगार नोकरी सोडून गेला की त्याच्या नावापुढे लेफ्ट लागतं.

"लेफ्ट? आवं, म्या तर हितं उभा हाय!"

"तुमचा रक्ताचा रिपोर्ट आलाय. डॉक्टरनी साफ लिहिलंय, लेफ्ट शिफ्ट. वरती बँड पण लिहिलंय. म्हंजे काम बंद. आता मी काय करू?"

"पर म्या शिफ्ट सोडलीच न्हाई!"

"तुमी नाय सोडली, रक्तानी सोडली," दर्पण म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला इंग्रजी वाचता येत होतं, एवढाच त्याचा दोष.

रिपोर्ट कामगाराच्या हातात द्यायची तिथे पद्धत नव्हती. झुंबरने घरी येऊन एवढंच सांगितलं, की रक्तात काहीतरी निघालंय आणि डॉक्टरने काम बंद करायला लावलंय. केमिकल कंपनी आणि रक्त हे दोन शब्द एकत्र आल्यावर चाळीला तिसरा शब्द सुचायला वेळ लागला नाही. बायाबापड्या केळी घेऊन भेटायला येऊ लागल्या. "बसा ना भाऊ," म्हटलं की झुंबर "नगं" म्हणायचा. मग बाहेर जाऊन त्या डोळे पुसायच्या, "बसवत पण नाय ओ बिचाऱ्याला!"

सोमवारी उत्कर्षाने कॉलेजची बॅग खुंटीला लावली आणि त्याच कंपनीत पॅकिंगला उभी राहिली. झुंबर भिंतीकडे तोंड करून रडला.

शेवटी रत्नाबाईने नवऱ्याला ओढत पालघरला नेलं, जिथे रक्त तपासलं होतं त्या लॅबमध्ये. तपासणीच्या त्याच बाई, डॉक्टर प्रेमला, तिथे होत्या. त्यांनी झुंबरच्या रक्ताची काच काढून सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि दोघांना पाळीपाळीने बघायला लावलं.

"या लढणाऱ्या पेशी. तयार पेशीत जांभळ्या गाठी दिसतात ना, तीन-चार, दोऱ्याने जोडल्यासारख्या? आता ही बघा. गाठी पडल्याच नाहीत, नुसती वाकडी पट्टी. हिला बँड म्हणतात. ही कोवळी आहे."

"मंग ती रगतात कशापायी आली?" रत्नाबाईने विचारलं.

"अंगात कुठेतरी पू असणार. तयार पेशी पुरेनात, म्हणून शरीराने कोवळ्यांना वेळेआधीच कामावर धाडलं. त्यालाच लेफ्ट शिफ्ट म्हणतात. कुठे दुखतंय तुम्हाला?"

झुंबरने खाली बघत अंगठा मागे दाखवला. रत्नाबाईला आधी हसू फुटलं, अगदी पोट धरून. मग हसता हसताच तिला रडू कोसळलं.

"आपुन बी त्येच केलं की वो," ती म्हणाली. "लेकराला धाडलं."

गळू कापलं. औषध झालं, पुन्हा रक्त तपासलं. नव्या रिपोर्टात तसं काही उरलं नव्हतं. दर्पणने तो बोट फिरवत वाचला आणि त्याचा चेहरा उजळला. "बघा, आता काय लिहिलंय? नो लेफ्ट शिफ्ट! म्हंजे तुमी सोडलीच नाय!" कार्डाला हिरवा दिवा लागला.

दुसऱ्या दिवशी झुंबर उत्कर्षाला घेऊनच टाइम ऑफिसात गेला. तिच्या खांद्याला कॉलेजची बॅग होती. कितीतरी दिवसांनी ती हसत होती.

"साहेब, हिच्या नावाम्होरं लेफ्ट लावा. ही कालेजला चालली."

"काय बोलता!" दर्पण उठूनच उभा राहिला. "अवो, तुमी लेफ्ट झालात तवा परमनंटच्या यादीतून तुमचं नाव काढायला लागलं. जागा फुकट जायला नको म्हणून मी हिचं घातलं. कालच मंजूर झालं. तुमची पोरगी परमनंट झाली!"

परमनंट. या एका शब्दाची झुंबरने इतकी वर्षं वाट पाहिली होती, की तो ऐकताच त्याचे हात आपोआप जोडले गेले.

"लई उपकार झालं, साहेब," तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याला कळलं. त्याने वळून पाहिलं. उत्कर्षा त्याच्याकडेच बघत होती.

"आगं, तसं न्हाई... म्या..."

"असू दे, बाबा." तिने बॅग खांद्यावरून उतरवली. "चला, शिफ्ट सुरू झाली."