मुखपृष्ठावरचे सासरे

बायकोने पुस्तक टेबलावर आपटले आणि मुखपृष्ठावर बोट टेकवले.

"हे माझे बाबा आहेत."

चरित्रकारांनी चष्मा पुसून पाहिले. शंकाच नव्हती. 'एका थोर पुरुषाची लबाडी' या ठळक अक्षरांखाली सासरे प्रसन्न हसत होते.

पुस्तक होते एका दिवंगत मंत्र्यावर, ज्याने अनाथाश्रमाची जमीन गिळली होती. त्याचा फोटो प्रकाशकाला द्यायचा होता आणि सासऱ्यांचा, वाढदिवसासाठी, मोठा करायला. पाठवताना अदलाबदल झाली. तळटिपेतला स्वल्पविरामही तपासणाऱ्या माणसाने फोटो मात्र उघडून पाहिला नव्हता.

दुपारपर्यंत प्रकरण चिघळले. कोर्टात जायला निघालेले मंत्र्याचे वारस मुखपृष्ठ पाहून निवांत झाले. हा गृहस्थ आमच्या घराण्यातला नाही, असे त्यांनी वर्तमानपत्रांना कळवून टाकले. सत्यासाठी तोंडावर शाई झेललेल्या चरित्रकारांची वर्षानुवर्षांची मेहनत आता भलत्याच माणसाच्या नावावर जमा झाली होती. प्रकाशक म्हणाला, नवे मुखपृष्ठ उद्या सकाळी तयार होईल, सोबत जाहीर माफीही छापू.

चरित्रकार मान खाली घालून सासऱ्यांकडे गेले. पाणीपुरवठा खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले सासरे दारातल्या खुर्चीत तेच पुस्तक वाचत बसले होते.

"या, जावईबापू. जमीन मी कशी गिळली, ते फार बारकाईनं लिहिलंय तुम्ही."

चरित्रकारांनी माफी मागितली आणि सगळी चूक उद्याच निस्तरतो असे सांगितले. सासऱ्यांनी पुस्तक मिटले. गल्लीत आतले पान कुणी उघडले नव्हते, मुखपृष्ठ मात्र सगळ्यांनी पाहिले होते. वाण्याने आज त्यांना बसायला स्टूल दिले. वरच्या मजल्यावरच्याने न सांगता रेडिओ हळू केला. ज्या नळासाठी ते वर्षभर हेलपाटे घालत होते, तो दुरुस्त करायला माणूस स्वतः येऊन गेला, वर नमस्कारही करून गेला.

"जन्मभर सरळ वागलो," सासरे म्हणाले. "कुणी मान वर करून पाहिलं नाही. अगदी तुमच्या सासूनंसुद्धा नाही."

आत भांडी लावणाऱ्या सासूबाईंनी एक पातेले जरा जोरात ठेवले.

"उद्याच करायला पाहिजे का हो?"

चरित्रकारांनी आयुष्यात कुणाच्याही बाबतीत एक तारीखसुद्धा पुढेमागे केली नव्हती. त्यांनी मुखपृष्ठावरच्या प्रसन्न चेहऱ्याकडे पाहिले.

"छापखान्याचं काम आहे, बाबा," ते म्हणाले. "महिना तरी जाईल."