मिस्त्रींच्या घरचा फ्लश

"घाबरायचं काही कारण नाही, आमचं रोजचंच काम आहे," डॉक्टर म्हणाले, आणि मिस्त्रींनी हळूच दाराकडे पाहिलं. कारण हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं.

मिस्त्री नळाची कामं करत. पाइप तुंबला की त्यात लांब वायरच्या टोकाचा कॅमेरा सोडायचा आणि आत काय अडकलंय ते छोट्या पडद्यावर बघायचं, यात त्यांचा हातखंडा होता. "रोजचंच काम आहे" असं ते गिऱ्हाइकाला कधी सांगत? आत काय निघणार याचा स्वतःलाच पत्ता नसेल तेव्हा.

"आत कॅमेरा गेल्यावरच नक्की कळेल," डॉक्टर पुढे म्हणाले. हेही मिस्त्रींचंच. "तुम्हाला काही कळणारसुद्धा नाही." हे तर ते फरशी फोडायच्या आधी हमखास म्हणत.

"डॉक्टर, पुढच्या महिन्यात केलं तर?" मिस्त्रींनी विचारलं.

"परवाच करायचं," शेजारून बायको म्हणाली. तिचा आवाज ऐकून डॉक्टरांनीही मान डोलावली.

तिचं बरोबरच होतं. मिस्त्रींना शौचातून रक्त पडत होतं आणि तपासणी दोनदा टळली होती; एकदा घरी पाहुणे आले म्हणून आणि एकदा मिस्त्री स्वतःच कुणाकडे तरी पाहुणे गेले म्हणून. त्यांच्या थोरल्या भावानेही असंच "उद्या दाखवतो, उद्या दाखवतो" केलं होतं. दाखवलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. 'उद्या' हा शब्दच त्या घराण्याच्या रक्तात होता. इमारतीत तर मिस्त्रींना पाठीमागे सगळे 'उद्या-मिस्त्री' म्हणत.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळपासून उपास होता. दुपारी पोट साफ करायचं औषध पाण्याच्या एका मोठ्या जगमध्ये कालवून बायकोने त्यांच्यापुढे ठेवलं. मिस्त्रींनी पहिला पेला कसाबसा घशाखाली उतरवला. मग ते हळूच चपला शोधू लागले.

"कुठे निघालात?"

"जरा गावाकडच्या बसची चौकशी..."

"आधी फ्लश बघा. टाकीत पाणीच चढत नाहीये. आज त्याची गरज कुणाला आहे, ते मी सांगायला नको."

मिस्त्री तडक आत गेले. आता, दिव्याखाली अंधार म्हणतात तसं होतं ते. गावभरचे फ्लश दुरुस्त करणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरचा फ्लश कधी उघडूनही पाहिला नव्हता. पण हातात पाना आला की मिस्त्रींना जगाचा विसर पडे. त्यांनी टाकीचं झाकण काढलं, आतला फुगा काढला, मग टाकीच काढायची ठरवली. तळाचा बोल्ट गंजला होता. मिस्त्रींनी जोर लावला. बोल्ट जागचा हलला नाही, पण कमोडला वरपासून खालपर्यंत तडा गेला आणि त्याचा अर्धा भाग शांतपणे जमिनीवर निजला.

मिस्त्री थक्क होऊन बघत राहिले. दारात बायको तोंडावर हात घेऊन उभी.

"अहो, हे काय केलंत!"

आणि नेमक्या त्याच क्षणी पोटातून पहिला गडगडाट झाला.

मिस्त्री हातातल्या पान्यासकट जिन्याकडे धावले. वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहत. त्यांनी दार उघडलं, पाना पाहिला, आणि त्यांचा चष्माच नाकावरून घसरला.

"तुम्ही? खरंच आलात? अहो, गेल्या उन्हाळ्यापासून माझा स्वयंपाकघरातला नळ..."

"आधी बाथरूम बघतो, मॅडम."

"बाथरूम चांगलं आहे. त्यात काही बिघाड नाही."

"बिघडायच्या आत बघतो!" म्हणत मिस्त्रींनी आत शिरून कडी लावली.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले तेव्हा मॅडम समोरच उभ्या होत्या. "काय दोष निघाला?"

"आता सगळं मोकळं आहे," मिस्त्री म्हणाले आणि त्यांची नजर खाली गेली. एका सत्तर वर्षांच्या बाईंचं बाथरूम असं फुकटात वापरायचं आणि नळाकडे पाठ फिरवायची, हे काही त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी मुकाट्याने नळाचा वायसर बदलला. थेंब थांबला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्यांनी लगेच फोन उचलून इमारतीतल्या सगळ्यांना कळवलं, "मिस्त्री आले आहेत. मी स्वतः पाहिलं."

मग काय विचारता! जिन्यावर दारं उघडू लागली. मिस्त्री दोन पायऱ्या उतरतात न उतरतात तोच समोरच्या वकिलांनी त्यांचा दंड धरला.

"मिस्त्री, माझा शॉवर!"

नको म्हणायला मिस्त्रींनी तोंड उघडलं, पण दुसरा गडगडाट झाला. "कुठे आहे बाथरूम?" ते ओरडले.

वकील बाहेर उभे राहून दारातूनच उलटतपासणी घेऊ लागले. "कडी का लावलीत?"

"दाब तपासतोय!"

"शॉवर तर बंदच दिसतोय. मग तुम्ही एवढा वेळ करताय काय?"

"साहेब, कामाच्या वेळी बोललेलं मला चालत नाही!"

शॉवरही दुरुस्त झाला. बाहेर येतात तो बायको हातात जग घेऊन हजर. "दुसरा पेला. प्या."

त्यानंतर हेच चक्र सुरू झालं. दर दारात एक बाथरूम, एक जुना बिघाड आणि हातात पेला घेऊन बायको. मिस्त्रींच्या कामाच्या ओढीने माणसं अवाक झाली. आल्या आल्या चहाला नाही म्हणतात, खाण्याला हात लावत नाहीत, थेट बाथरूम गाठतात! एकीने तर बायकोच्या हातातल्या जगकडे बोट दाखवून विचारलंही, "वहिनी, मलाही द्या ना थोडं सरबत. बघा यांना केवढी तरतरी आलीय."

"नको हो," बायको घाईने म्हणाली. "ते यांनाच मानवतं."

संध्याकाळी इमारतीत एकही नळ गळत नव्हता. तळमजल्यावरच्या शेवटच्या बाथरूममध्ये मिस्त्री एकटेच बसले होते. बाहेर सगळं शांत होतं, कुठेही टपटप नाही. तेव्हा त्यांना आठवलं, की दुपारपासून आपल्याला उद्याची आठवणच झाली नव्हती. आणि आठवताच भीती परत आली. भाऊ आठवला. दाराच्या फटीतून ते हळूच म्हणाले, "अगं, आहेस ना?"

"इथेच आहे," बाहेरून उत्तर आलं. "मी कुठे जाणार?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्री कुणाकडे पाहुणे म्हणून न जाता सरळ दवाखान्यात गेले. गुंगीतून जाग आली तेव्हा डॉक्टर समोर होते.

"आतड्यात मांसाचा एक छोटा कोंब होता, तो काढून टाकलाय. तपासायला पाठवतोय, पण दिसायला साधाच आहे. अजून एक-दोन वर्षं थांबला असतात, तर मात्र मी हे असं हसत सांगितलं नसतं." मग डॉक्टरांनी कौतुकाने मान हलवली. "आणि आतून इतका स्वच्छ पेशंट मी फार दिवसांत पाहिला नाही."

मिस्त्रींनी बायकोचा हात धरला आणि घरी निघेपर्यंत सोडला नाही.

टॅक्सीत बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एक सांगू? रागावणार नाही ना? फ्लशला काही झालं नव्हतं. टाकीखालचा वॉल्व्ह मीच बंद केला होता."

मिस्त्री उडालेच. "काय?"

"तुम्ही पळणार होतात. हातात पाना असला की तुम्ही पळत नाही, म्हणून म्हटलं तासभर गुंतवावं. तुम्ही कमोडच फोडाल हे मला काय माहीत!"

"पण तुला वॉल्व्ह बंद करायचं सुचलं कसं?"

"जन्मभर तुम्ही गिऱ्हाइकांना फोनवर ओरडून सांगताय, 'आधी वॉल्व्ह बघा, मग बाकीचं.' घरात ते ऐकणारी मी एकटीच होते."

मिस्त्रींनी खिशातून फोन काढला आणि नेहमीच्या दुकानदाराला लावला.

"मिस्त्री बोलतोय. माझ्या घरी एक कमोड पाठवा."

"पाठवतो की. उद्या ना?"

"उद्या नाही. आत्ता."

दुकानदार घाबऱ्या आवाजात म्हणाला, "कोण बोलतंय? मिस्त्रींचा फोन तुमच्याकडे कसा? ते बरे आहेत ना?"