माणिकरावांची तिकोनी करंजी

डोणगावात आजवर कुणाच्या बापानं केलं नसेल ते आपण आज करून दाखवणार, असं माणिकरावांनी होळीच्या सकाळीच जाहीर केलं.

त्यांच्या माडीवर भाड्यानं राहणारे थळकर साहेब बँकेत बदलून आलेले. अलिबागकडचे, धर्मानं यहुदी. गेल्या वर्षी त्यांची बायको वारली. यंदा त्यांचा पुरीमचा सण होळीच्याच दिवशी आलेला, अन् माणूस वर एकटा खिचडी खात बसणार. माणिकरावांना हे बघवेना. मोबाइलवर त्यांनी यहुद्यांचं पक्वान्न शोधून काढलं: तीन कोपऱ्यांची, खसखस भरलेली, भाजलेली करंजी.

"त्याइले आधी इचारा तरी," वच्छलाबाई म्हणाल्या.

"इचारलं तं काय मजा राह्यली? अन् तू ते पुरण उतरव. त्याइच्या सणाले आपलं कायले चारतं?"

वच्छलाबाईंनी पुरण उतरवलं. फेकलं नाही.

ओव्हन नव्हता. माणिकरावांनी कुकरात मीठ पसरलं, शिटी काढली, करंज्या ठेवल्या आणि उरलेलं सारण चाखत बसले. गोड कमी झालं का पाहायला एक चमचा, जास्त झालं का पाहायला दुसरा. खसखशीनं आपलं काम चोख केलं. माणिकराव खुर्चीतच घोरू लागले.

जाग आली ती शेजारच्या कय्यूम बेकरीवाल्याच्या हाकेनं.

"काका, होळी तं सांजेले हाय नं? तुमी दुपारीच काऊन पेटवली?"

घरभर धूर. कुकरात कोळसे, कोपरे मात्र तीनच्या तीन शाबूत. सारण माणिकरावांच्या पोटात.

"त्या मानसाचा सण बुडवला म्या," ते खुर्चीतच बसून राहिले.

"पीठ उरलं हाय," वच्छलाबाई म्हणाल्या आणि त्यात पुरण भरून तसेच तीन कोपरे दुमडू लागल्या. कय्यूमनं ट्रे उचलून आपल्या भट्टीत घातला.

संध्याकाळी थळकर साहेबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. डोळे भरून आले.

"वहिनी, तुम्हाला कसं कळलं? आमच्याकडे पुरीमला पुरणपोळीच असते. आम्ही त्याला होळीचा सणच म्हणतो. ही गेल्यापासून खाल्ली नव्हती."

"आमाले सारं मालूम असते," माणिकरावांनी छाती पुढं काढली.

"फक्त हिची पोळी गोल असायची. हे कोपरे कसले?"

वच्छलाबाई नवऱ्याकडं बघत राहिल्या. माणिकरावांनी ताट जवळ ओढलं आणि एकेक कोपरा अंगठ्यानं आत दाबायला घेतला.