शेवटच्या बाथरूमची कडी

कुंताबाईंनी आतून कडी लावली ती नवऱ्याची लाज राखायला. आता तीच कडी निघत नव्हती.

"अजी, हे निघूनच नाई राहिली," त्या हळूच म्हणाल्या.

ग्यानीराम रहांगडाले भिंतीला पाठ टेकून उभे होते. पार्किन्सननं सहा वर्षांत त्यांचा आवाज इतका बारीक केला होता, की कान तोंडाजवळ नेल्याशिवाय शब्द कळत नसे. चालताना पाय मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे थांबत. उजवा हात तेवढा कधी थांबत नसे.

खरं तर बाईंनी त्यांना इथे आणायलाच नको होतं. गोंदियाच्या या नर्सिंग होममध्ये पेशंटला बाथरूमला न्यायचं काम भोजराजचं. बाई सालेकशाहून सकाळच्या गाडीनं येत, नवऱ्याला भरवत, पाय चेपून देत. उठवायचं मात्र नाही. पंधरवड्यापूर्वी त्यांनी उठवलं होतं, तेव्हा दोघंही फरशीवर आली होती. मॅनेजर देवानंद कटरे यांनी त्याच दिवशी बजावलं होतं, "आजी, पुन्हा असं झालं तर बाबूजींना घरी घेऊन जा. आम्हाला ही जबाबदारी नको."

घरी न्यायचं म्हणजे काय, हे बाईंनाच ठाऊक होतं. मुलगा टिकेश रायपूरला. मागे ग्यानीराम अंगणात पडले, तेव्हा उचलायला माणसं मिळेपर्यंत तास गेला होता. तो तास बाई अजून विसरल्या नव्हत्या.

पण आज भोजराज जेवणाचे डबे आणायला गेला आणि इकडे बाबूजींना घाई झाली. टीना सिस्टर होती. पण ती नातीच्या वयाची. "तिच्यासंगं नाई जाऊ मी," ते म्हणाले. म्हणून बाईंनी त्यांना धरून, चोरासारखं इकडेतिकडे बघत, टोकाच्या बाथरूममध्ये नेलं. दारावर 'बंद आहे' अशी पाटी होती. म्हणजे कोणी येणार नाही, असा बाईंनी हिशेब केला. का बंद आहे, ते पाटीवर लिहिलं नव्हतं. ते आत गेल्यावर कळलं.

"हाक मार," ग्यानीराम पुटपुटले.

"हाक मारली त उद्याच घरी धाडतीन आपल्याले!"

"गोळी..."

बाईंना एकदम आठवलं. अकराची गोळी! अर्धा तास उशीर झाला, की या माणसाचं अंग लाकूड होत असे. त्यांनी केसातली पिन काढून कडीत घातली. पिन वाकली. बांगडीनं ठोकून पाहिलं. बांगडी फुटली.

तेवढ्यात बाहेर टीनाचा आवाज आला. "बाबूजी, गोळी घ्या... अरे बापरे! बेड रिकामा आहे! सर! आजी पण नाही!"

मग धावपळ, चपलांचे आवाज आणि देवानंदरावांचा ओरडा. "सेवकराम, गेटवर कोण होतं?"

"मीच होतो, साहेब. दोन मिनिट चहाले गेलतो."

"त्याच दोन मिनिटांत गेले! म्हातारीनं पळवलं त्यांना!"

पासष्टाव्या वर्षी, आपल्याच नवऱ्याला पळवून नेल्याचा आळ! बाईंनी ओरडायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. आता सापडलो तर आणखी वाईट. एवढ्यात देवानंदराव फोनवर बोलताना ऐकू आले. "टिकेशभाऊ, घाबरू नका, पण तुमचे आईबाबूजी दोघंही गायब आहेत." मग ते इतरांवर ओरडले, "चला, स्टेशन बघा! सालेकशाची गाडी लागली असेल!"

गेट वाजलं, गाड्या सुरू झाल्या आणि सगळं सामसूम झालं.

त्याच वेळी ग्यानीरामांचे गुडघे वाकले. हाताची थरथर वाढली, मान ताठ झाली. बाईंनी दोन्ही हातांनी त्यांना कवेत धरलं. सगळी लाज सोडून त्या आता ओरडल्या, "सिस्टर! भोजराज! कोनी हाय का?"

कोणी नव्हतं. ज्यांना ऐकू आलं असतं, ती सगळी माणसं त्यांनाच शोधायला स्टेशनवर गेली होती.

"मीच आनलं तुमाले इथं मराले," बाई रडू लागल्या. "आता कसा करू?"

तोल जाऊ नये म्हणून ग्यानीरामांनी समोर हात टाकला. तो नेमका कडीवर पडला. हात थरथरत होता, त्याबरोबर कडीही खडखडू लागली. खडखड, खडखड. ओढून, ठोकून जी हलली नव्हती, ती केसाकेसानं सरकू लागली. खट्ट! दार उघडलं.

पण उंबऱ्यावर पाय चिकटले. बाईंनी आपलं पाऊल त्यांच्या पायापुढे आडवं ठेवलं. "माहा पाय ओलांडा. हां, असा!" ते ओलांडून बाहेर आले आणि भिंतीजवळच्या खुर्चीत कोसळले.

पोलिसांना द्यायचा फोटो फाइलमधून घ्यायला टीना पळत आली, ती खुर्चीतल्या माणसाला बघून किंचाळलीच. उघडं दार आणि त्यावरची पाटी बघून तिला सगळं उमगलं. तिनं आधी गोळी दिली, मग फोन लावले. तासाभरात ग्यानीराम पलंगावर सैल होऊन टेकले होते आणि देवानंदराव घामाघूम होऊन समोर उभे होते. बाईंनी हात जोडले. "साहेब, चुकी माही..."

"नाही, नाही, आजी!" त्यांनी स्वतःच हात जोडले. "त्या दाराला कुलूप लावायला पाहिजे होतं. महिनाभर राहून गेलं. टिकेशभाऊंना कडीचं सांगू नका. बाहेर तर कोणालाच नको. आणि उद्यापासून बाबूजींना बाथरूमला तुम्हीच न्या. भोजराज सोबत राहील."

काय बोलावं ते बाईंना सुचेना, म्हणून त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या म्हणून देवानंदराव आणखी घाबरले आणि स्वतः जाऊन चहा घेऊन आले.

बाईंनी कपबशी घेतली. आतली धास्ती अजून उतरली नव्हती. कप बशीवर कडकड वाजू लागला आणि अर्धा चहा लुगड्यावर सांडला. ग्यानीराम त्या हाताकडे बघत होते. त्यांनी ओठ हलवले, तशा बाई कान जवळ नेऊन वाकल्या.

"काऊन वो," ते म्हणाले, "तुले बी माहा रोग लागला का?"

बाईंनी पदर तोंडात कोंबला. खांदे गदगदा हलू लागले, डोळ्यांतून पाणी आलं, हसू काही आवरेना. आजी रडताहेत असं वाटून देवानंदराव बिस्किटं आणायला पळाले.