ब्याऐंशी लाख ठिपके

मानवजातीची आजवरची सारी प्रगती स्पष्ट दिसण्याच्या ओढीतून झालेली आहे. दुर्बीण, चष्मा आणि खिडकीची काच ही तिची ठळक उदाहरणं. बस आगारातल्या प्रवाशाला मात्र पावणेतीनची गाडी सुटली की आहे, एवढं दिसलं तरी पुरतं.

ते दिसत नसल्यामुळे तो चौकशीच्या खिडकीशी येऊन विचारत असे, आणि आतल्या बाई बावीस वर्षं त्याला ओरडून सांगत होत्या (काचेतलं भोक कमरेच्या उंचीवर पाडलेलं असल्याने). शेवटी बाईंचा घसा बसला. आधी तो संध्याकाळी बसे, मग दुपारी बसू लागला, आणि पुढे पुढे सकाळच्या चहापर्यंतही उभा राहीना. डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, "बोलणं निम्म्यावर आणा. नाहीतर वर्षभरात आवाज कायमचा जाईल."

बाईंच्या भाच्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने तळहातावर मावेल एवढा एक संगणक-बोर्ड आणून दिला. गाड्यांच्या वेळा त्यात भरायच्या, वायर लावायची, की पडद्यावर दिसतात.

"मावशी, आता ऑफिसकडून फक्त एक मॉनिटर माग. साधा, फुल एचडी. एकोणीसशे वीस बाय एक हजार ऐंशी ठिपके. बोर्डाला तेवढं सुखाने झेपतं, अक्षरंही ठसठशीत येतात."

"आणि मोठा दिला तर?"

"आकाराने मोठा चालेल गं. ठिपके जास्तीचे नकोत. फोर-के, म्हणजे चौपट ठिपक्यांचा, जोडलास तर दाखवेल बिचारा, पण अक्षरं मुंग्यांएवढी होतील आणि ह्याला धाप लागेल."

सल्ला फुकट, थोडक्यात आणि बरोबर होता. या तीन दोषांमुळे तो फायलीत घेता आला नाही.

आगारप्रमुख साहेबांनी रीतसर मॉनिटर निवड समिती नेमली. बाईंच्या घशाची साहेबांना इतकी काळजी, की समितीच्या अकरा बैठकांपैकी एकाही बैठकीत त्यांनी बाईंना बोलू दिलं नाही. समितीने खूप माहिती जमवली. शंभर प्रवाशांपैकी एक्केचाळीस चष्मा लावतात, तेवीस तो घरी विसरतात, उरलेले शेजाऱ्याला वाचायला सांगतात (शेजारी यात दोनदा मोजला गेला असावा). बोर्डाला काय झेपतं, हा विषय बाराव्या बैठकीसाठी राखून ठेवला होता.

अकराव्या बैठकीतच भांडारपालांनी निकाल लावला. ठिपका हा मालमत्तेत मोडतो, असं त्यांचं म्हणणं. एकाच नगात जास्त ठिपके मिळत असताना कमी का घेतले, याचं कारण कुणीतरी सही करून द्यावं लागेल. सही म्हटल्यावर सगळे एकमताने फोर-केकडे वळले.

मॉनिटर लागला. पडद्यावर एकशे बारा गाड्या एकाच वेळी दिसू लागल्या. त्यांतली एकही वाचता येईना, पण अहवालाच्या छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता. मिनिट बदलायलाही बोर्ड जरा वेळ घेई. पूर्वी प्रवासी खिडकीशी एकच प्रश्न आणायचा. आता तो आधी विचारी, "बाई, त्या पडद्यावर काय लिहिलंय?" आणि ते ऐकून घेतल्यावर मग आपली गाडी विचारी. आठवड्यात प्रश्न दुप्पट झाले. समितीने 'प्रवाशांमध्ये वाढती जागरूकता' अशी नोंद केली. बाईंचा आवाज त्या शनिवारी पाव उरला.

भाचा धावत आला. "साहेब, दोन मिनिटांचं काम आहे. सेटिंग खाली आणतो."

"खाली म्हणजे किती?" भांडारपालांनी कॅल्क्युलेटर काढला. "घेतले ब्याऐंशी लाख चौऱ्याण्णव हजार चारशे. वापरणार वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. म्हणजे बासष्ट लाखांवर ठिपके बसून राहणार?"

"बसून कशाला राहतील काका? चारजण मिळून एकाचं काम करतील."

साहेबांचा चेहरा गंभीर झाला. "चौघांनी मिळून एकाचं काम? ते आपल्याकडे आधीच आहे. निदान यंत्राला तरी ती सवय नको."

बाईंनी कागद ओढला आणि अर्ज लिहिला: एक फळा व खडूची एक पेटी मिळावी. फळ्याला ठिपके नसल्यामुळे समितीची गरज पडली नाही. अर्ज तासाभरात मंजूर झाला.

आता खिडकीच्या वर फळा आहे. त्यावर बाईंच्या हातची वीतभर अक्षरं, फाटकापासून वाचता येतील अशी. मॉनिटरही शेजारी आहेच. पाहुणे आले की त्यांना दाखवतात. महिन्याभरात बाईंचा घसा इतका सुधारला, की एक दिवस त्या भाजी निवडताना गुणगुणत असल्याचं घरच्यांच्या कानावर आलं.

तरीही रोज शे-दीडशे माणसं फळ्याखाली उभी राहतात, त्यावरची सव्वापाचची गाडी नीट वाचतात आणि मग भोकाशी वाकून विचारतात, "बाई, सव्वापाचची सव्वापाचलाच ना?" परवा त्यांत तुम्हीही होता.

बाईंनी भोकाशेजारी एक चिठ्ठी चिकटवली आहे. ती कुणी वाचत नाही, म्हणून इथे उतरवून दिली आहे: 'कृपया एकदा वर बघा.'