सूर्याचे पाठीमागें विमान धावलें त्याची बखर

विघ्नहर्त्यास वंदन, प्रवासांत शांत निजणाऱ्या समस्त लेकरांस मुजरा. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, ज्येष्ठ शुद्ध अष्टमी, ते दिवशीं श्रीमंत ऋजुताबाई देवस्थळी, चौदा महिन्यांची राजकन्या शर्वाणी कडेवर घेऊन, मुंबईहून टोपीकरांची राजधानी लंडन येथें विमानें निघाल्या. यजमान निषादराव चाकरीनिमित्त तेथें, कन्या तीन महिन्यांची असतां गेले ते गेलेच. बापलेकीची भेट हसतखेळत व्हावी, पोरीनें बापास पाहून भोकाड न पसरावें, हाच बाईंचा एक घोर. आणि राजकन्येचा रिवाज ऐसा कीं, सांजेस दिवा लागावा, हात जोडवावे, मगच डोळा मिटावा, त्यावांचून ब्रह्मदेव आला तरी निजणें नाहीं. बाई संख्याशास्त्राच्या पदवीधर, त्यांनीं तिकीट पाहिलें: निघणें दुपारीं दीड, पोहोंचणें सायंकाळीं साडेसहा. मग वजाबाकी करून पत्रक रचिलें कीं, प्रवास पांच तास, आणि दिवेलागण बापाचे मांडीवर. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढं लांबचं गाव, पाचच तासांत?" बाई म्हणाल्या, "आई, छापलंय ना तिकिटावर!"

मग विमान उडालें, आणि पांच तास जाहले, आणि खालीं गांव दिसेना, आणि सूर्य खिडकींत जैसाचा तैसा. घरचे वेळेप्रमाणें निजेची घटका आली, राजकन्येनें डोळे चोळिले, मग किंकाळी ऐसी फोडिली कीं पुढील चार रांगा माना वळवून पाहों लागल्या. शेजारीं रावराणे आजोबा, साताऱ्याचे, लेकाकडे जात होते. ते पुसते जाहले, "काय बिनसलं, सूनबाई?" बाईंनीं पत्रक दाखविलें. आजोबा खो खो हांसले. "अहो, निघायची वेळ मुंबईच्या घड्याळाची, पोचायची तिकडच्या! दोन गावांच्या घड्याळांची वजाबाकी केलीत तुम्ही. सवा दोन हजार कोस आहेत, साडेनऊ तास लागणार."

"आणि अंधार?"

"आपण सूर्याच्या मागे धावतोय. तो कसला मावळतो आज!"

बाई रडवेल्या जाहल्या. "दिवा लागल्याशिवाय ही निजत नाही हो."

"मग लावा की!" ऐसें म्हणून आजोबांनीं खिडकीचें झाकण खालीं ओढिलें, आणि डोईवरील दिव्याची कळ राजकन्येचे बोटानें दाबविली. दिवा लागला. आजोबांनीं हात जोडिले, बाईंनीं जोडिले, मागील रांगेंतील दोघी मावशांनीं जोडिले, आणि सांजेचे श्लोक हळू आवाजांत सुरू जाहले. तिसऱ्या ओळीस राजकन्या निद्रिस्त. मग चार तास विमानांत शांतता नांदली, आणि बाईंनीं पत्रक चुरगाळून पिशवींत कोंबिलें.

लंडनास उतरले तों लख्ख ऊन. निषादराव पुष्पगुच्छ घेऊन उभे. "शर्वाणी, मला ओळखलंस का गं?" बाईंनीं श्वास रोखिला. राजकन्या ताजीतवानी, तिनें बापास आपादमस्तक न्याहाळिलें, ओठ किंचित वांकडा केला, मग बोट पुढें करून त्याचे सदऱ्याचें वरील बटण कच्चकन दाबिलें, आणि हात जोडून वाट पाहत राहिली.

बाप हांसला. तैसी तीही हांसली.

"किती तास लागले गं?" निषादरावांनीं पुसिलें. बाई म्हणाल्या, "कागदावर पाच."

येणेंप्रमाणें अंतर सवा दोन हजार कोस, काळ साडेनऊ तास, दिवेलागण एक भर उन्हांत, भेट सुखरूप.