पाणविमानाच्या खऱ्या भाराची बखर

श्री. ज्या लंबोदराने आपला सर्व भार एका मूषकावर घातला, आणि ज्या मूषकाने तो कुरकुर न करितां वाहिला, त्या उभयतांस साष्टांग नमन करून ही हकीकत लिहितों. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्षमास. ते समयीं एक राज्य होते. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. मुलूख म्हणाल तर एका इमारतीचा तिसरा मजला, फौज म्हणाल तर अकरा असामी आणि तितकेच संगणक. परंतु रयत समुद्रापार पसरली होती, कारण हे राज्य संगणकावर खेळावयाचे विमानयुद्धाचे खेळ रचीत असे आणि देशोदेशींचे लोक ते घरबसल्या खेळत असत. राज्याचे धनी राजश्री निशिकांतराव धारप, मोठे गोड बोलणारे, परंतु खेळ बाहेर काढण्याचा मुहूर्त चुकला की जेवण सोडणारे. आणि शस्त्रदप्तराचे दप्तरदार हेरंबपंत ओगले. कोणत्या विमानाने महायुद्धांत किती बाँब आणि किती तोफा वाहिल्या याचा शोध करून तो आकडा खेळांत घालणे हे पंतांचे काम. काम कसले, वेडच ते. पंतांस भाजी आणावयास धाडिले असतां मेथी विसरून येतील, परंतु ऐंशी वर्षांमागील जपानी विमानाच्या पंखाखाली बाँब टांगावयाचे किती आकडे होते ते झोपेंतून उठवून विचारा.

त्या वर्षीं खेळांत जपानचे एक पाणविमान आणावयाचे ठरले. दुहेरी पंखांचे, दोन असामींचे, पोटाखाली एक मोठी होडी आणि पंखांखाली दोन लहान होड्या बांधलेले, पाण्यावरून उठणारे आणि पाण्यावरच उतरणारे टेहळणीचे विमान. रूपाने बेढब, चालीने मंद, आणि पंतांचा जीव की प्राण. पंतांनी त्याचा भार लिहून दिला : अडीचशे किलोंचे बाँब, नग दोन. मग खेळांतील विमानांच्या उड्डाणाचे गणित मांडणारे, उड्डाणखात्याचे सरदार इलियास मुजावर यांनी तो भार चढविला आणि विमान संगणकांतील पाण्यावर सोडिले, तों ते उठेचना. धावले, फेस उडविला, सारे बंदर ओलांडून समोरच्या टेकडीस जाऊन भिडले. दुसरे दिवशीं तेच. तिसरे दिवशीं टेकडी मागे सरकविली, तरी तेच. तेव्हां मुजावर संतापून दरबारीं आले आणि बोलिले, “साहेब, हे विमान नाही, रेडा आहे. एक तर इंजिनाला खोटी ताकद देऊ द्या, नाहीतर ह्याचा भार कमी करा.” पंत तत्काळ उठोन म्हणाले, “भार कमी होणार नाही. सतरा ठिकाणी लिहिलंय. सतरा! पुस्तकं आहेत, लेख आहेत, संकेतस्थळं आहेत. तुमच्या गणितात खोट असेल.” मुजावर म्हणाले, “माझं गणित बाकी चाळीस विमानं उडवतं.” मग शब्दास शब्द लागला आणि पंतांच्या तोंडून भर दरबारीं निघून गेले की, “माझा आकडा चुकला असेल तर दप्तर सोडून घरी बसेन!” धन्यांचा घास हातींच राहिला, कारण त्या दप्तराखेरीज पंतांस दुसरे जग नाही हे सर्वांस ठाऊक होते.

धन्यांनी तोड काढिली, की मूळ जपानी कागद आणवावा. तो एका संग्राहकाकडून मिळाला, विमानाच्या देखभालीची जुनी पुस्तिका, पाने पिवळी, अक्षर बारीक. ती वाचावयास कुमुदिनीबाई पेंढारकर यांस पाचारण केले. बाईंनी तीस वर्षें जपानी भाषा शिकविली, वय एकाहत्तर, आणि विमान म्हणजे काकांच्या मुलाला ज्यांत बसवून द्यावयास जातात ते, इतकीच त्यांस विमानविद्या. बाई आल्या, चष्मा पुसला, चहा मागितला, त्यांत साखर कमी आहे असे सांगितले आणि मग भाराच्या तक्त्यावर बोट ठेवून शांतपणे म्हणाल्या, “साठ किलोचे दोन. बस्स.” पंत म्हणाले, “बाई, पुन्हा बघा ना.” बाई म्हणाल्या, “पुन्हा बघितलं तर वाढतील का रे?”

पंत घरीं गेले नाहीत, आपल्या जागीं गेले आणि सतरा साक्षीदारांस एकेक करून उलटतपासणीस उभे केले. तों नवल ऐसे की, सतराव्याने सोळाव्यापासून घेतले होते आणि सोळाव्याने अकराव्यापासून, आणि अकराव्याने तळटीप दिली होती ती नवव्याची. एका जाड ग्रंथाने तर दुसऱ्याची छपाईची चूकही तशीच उतरून घेतली होती. शोध करणारांची ही जुनी खोड, की साक्षी मोजाव्या आणि साक्षीदार एकमेकांच्या कानांत काय सांगतात ते पाहू नये. ऐसे करितां करितां पंत मुळाशी पोचले. मूळ म्हणजे एकोणीस वर्षांमागील, विमानवेड्यांच्या एका इंग्रजी संकेतस्थळावरील सात ओळींचा मजकूर. लिहिणार कोणी “गरुडपंख”. आणि पंत पाहतच राहिले, कारण गरुडपंख म्हणजे आपणच! ते नाव पंतांनीच तरुणपणीं घेतले होते. कोणी त्या पाणविमानाची थट्टा केली होती, की हे तर खेळणे, यास वाहवते तरी काय. ते सहन न होऊन पंतांनी ठोकून दिले होते की अडीचशेचे दोन, खात्रीलायक माहिती. शेजारणीपाशी आपल्या मुलाचे मार्क वाढवून सांगावे तैसे. आणि सांगून विसरले. तोच आकडा सतरा घरें फिरून पोक्त होऊन परत आला, तेव्हां बापाने त्यास ओळखिले नाही.

आतां गरुडपंख कोण हे जगांत कोणास ठाऊक नव्हते. पंतांनी सांगितले नसते, “ग्रंथ चुकले, मी काय करणार” एवढेच म्हटले असते, तरी दप्तरही राहते आणि अब्रूही राहती. लिहिणाऱ्यास येथे सांगावयास लाज नाही, की त्यांच्या जागीं आम्ही असतों तर बहुधा गप्पच बसतों. पंत मात्र उठून बाईंपाशी गेले, त्या उरलेली पुस्तिका वाचून संपवून शाल पांघरून निघण्याच्या बेतांत होत्या, आणि सर्व सांगून टाकिले, आणि विचारिले, “कुणाचं काय बिघडलं हो बाई? खेळच तर आहे.” बाई खालीं बसल्या. म्हणाल्या, “खेळ तुमचा. त्या विमानात बसलेली दोन पोरं खरी होती ना? आणि खाली होते ते पण खरे. जे त्यांनी नेलं तेवढंच लिही, हेरंब. त्याच्या वर जे लिहिलंस, ते त्यांनी नाही टाकलं, तू टाकलंस.” पंतांचे डोळे भरून आले. बाईंनी त्यांस रुमाल दिला नाही, उरलेला चहा दिला.

दुसरे दिवशीं सकाळीं दरबार भरला आणि पंतांनी उभे राहून गरुडपंखाचे नाव, गाव, सात ओळी, सर्व वाचून दाखविले आणि राजीनामा धन्यांपुढे ठेविला. कोणी हसले नाही. मुजावर संगणकाशी बसले, पाचशे किलो उतरवून एकशेवीस चढविले, इंजिनाची ताकद कागदांत होती तीच ठेविली आणि विमान सोडिले. ते धावले, फेस उडविला, डुगडुगले, आणि बंदराच्या मध्यावर पाणी सोडून अलगद वर गेले. पंत मूल निजलेले पाहावे तैसे पाहत राहिले. मुजावर म्हणाले, “काय गोड उठतं हो, पंत,” आणि त्या एका वाक्याने दोघांचे भांडण मिटले.

राहिला राजीनामा. धन्यांनी तो दोनदा वाचिला आणि बोलिले, “घेतला. शब्द दिलात म्हणजे घेतलाच पाहिजे. पण असं अर्धं काम टाकून जाता येणार नाही. ते सतरा ठिकाणचे आकडे कोण दुरुस्त करणार? तुमच्याच पोरानं घातलेला गोंधळ. सतराही सुधारले की त्या दिवसापासून तुम्ही मोकळे.” पंतांनी मान लवविली आणि त्याच दिवशीं, आपल्या खऱ्या नावाने, सतरा पत्रें लिहिली.

सारांश, खेळांत आज त्या विमानाचा भार साठ किलोंचे दोन असा आहे. रयतेपैकी काहींनी शिव्या दिल्या आणि बहुतांनी ते तसेच उडवून पाहिले. सतरांपैकी तिघांनी चूक सुधारली, चौदांचे उत्तर यावयाचे आहे, आणि पंत तोंवर दप्तरीं हजर आहेत. चौथेही उत्तर येऊ नये म्हणून धनी देव पाण्यांत घालून बसले आहेत.